माकडाच्या डोळ्यात वारशाने उतरलेली चूक

कळपातलं एक पिल्लू उन्हात आलं की डोळे बारीक करतं, मान खाली घालतं आणि भिंतीच्या सावलीकडे सरकतं. हातात आलेला फळाचा तुकडा पार नाकापाशी नेऊन बघतं. दिवस मावळला की मात्र तेच पिल्लू इतरांच्या बरोबरीने उड्या मारतं. राखण करणाऱ्याला आधी वाटतं, डोळे आले असतील किंवा कचरा गेला असेल. थेंब घालून होतात. लाली नाही, चिकटा नाही, बुबुळ स्वच्छ आहे, तरी उन्हात मिचकावणं काही थांबत नाही. मग कुणाला तरी आठवतं, याच्या सावत्र बहिणीचंही असंच व्हायचं. तिथून हा मामला डोळ्यांच्या थेंबांच्या हातचा राहत नाही, आनुवंशिकीच्या हातात जातो.

आनुवंशिक अंधत्वावर नवीन जनुकोपचार (बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत सोडण्याचा उपाय) आल्याच्या बातम्यांत ‘माकडांवर चाचणी झाली’ असं एक वाक्य हमखास असतं. त्यावर साधा प्रश्न पडतो: माणसाचा आनुवंशिक आजार माकडाला आला कुठून? काही प्रयोगांत तो मुद्दाम घडवलेला असतो, हे खरं. पण काही बंदिस्त कळपांमध्ये असे आजार आपसूकच सापडले आहेत. ते का सापडतात, कसे ओळखतात आणि सापडल्यावर कळपाचं काय करायचं, हे समजायला फार गणित लागत नाही. एक-दोन ठिकाणी गुणाकार येईल, तेवढा सोसावा.

## नखाएवढी जागा

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला, एक पातळ पडदा चिकटलेला असतो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. यालाच रेटिना म्हणतात. प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी त्यात असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. रंग आणि बारकावे त्या टिपतात. माणसाच्या एका डोळ्यात दंडपेशी दहा कोटींच्या घरात असतात आणि शंकूपेशी फक्त पन्नास-साठ लाख.

आता हात पूर्ण लांब करून अंगठा समोर धरा आणि नखाकडे बघा. नजर नखावरून न हलवता मागे असलेली अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. जमत नाही. आपल्याला सगळं दृश्य एकदम स्पष्ट दिसतंय असं वाटतं, पण खरी धारदार नजर त्या नखाएवढ्याच जागेपुरती असते. पडद्यावरच्या या जागेला फोव्हिया म्हणतात: एक बारीकसा खळगा, शंकूपेशींनी खचाखच भरलेला. त्याच्याभोवतीचा भाग म्हणजे मॅक्युला.

सस्तन प्राण्यांत असा खराखुरा खळगा जवळपास फक्त माणूस, वानर आणि माकडं यांच्याच डोळ्यात असतो. उंदराला तो नाही. त्याच्या पडद्यात शंकूपेशी जेमतेम तीन टक्के. म्हणून मॅक्युलाचा आजार उंदरात अभ्यासणं म्हणजे ज्या घराला माडी नाही तिथे जिना दुरुस्त करण्यासारखं आहे. ऱ्हिसस माकडाची, म्हणजे उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडाची, गुणसूत्रं ४२, आपली ४६, पण २००७ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा तो आपल्याशी सुमारे ९३ टक्के जुळला. डोळ्याच्या बाबतीत हे नातं आणखी जवळचं वाटतं, कारण अवयवाची बांधणीच तीच आहे.

## दाराखालची पाचर

जनुक म्हणजे पेशीला एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा मजकूर. त्यात एक अक्षर चुकलं तर कधी काहीच बिघडत नाही, कधी सगळं बिघडतं. कॅलिफोर्निया नॅशनल प्रायमेट रिसर्च सेंटरमध्ये ऱ्हिसस माकडांच्या कळपात सापडलेलं उदाहरण बघू. त्याची माहिती २०१९ साली प्रसिद्ध झाली. एकमेकांच्या नात्यातली चार माकडं उजेड टाळायची आणि त्यांना नीट दिसत नव्हतं. दोष निघाला पीडीई६सी नावाच्या जनुकात.

हे जनुक काय करतं ते कळायला शंकूपेशीची एक विचित्र सवय माहीत हवी: अंधारात तिचं दार उघडं असतं आणि उजेड पडला की बंद होतं. दार म्हणजे पेशीच्या आवरणातली छिद्रं, ज्यांतून सोडियम आणि कॅल्शियमचे कण आत येतात. छिद्रं उघडी ठेवायला पेशी एक छोटा रेणू वापरते; त्याला आपण दाराखाली ठोकलेली पाचर म्हणू. प्रकाश पडला की पेशीतला एक कामगार पटापट पाचरी काढतो, दार लागतं, आणि दार लागल्याची खबर म्हणजेच मेंदूकडे निघालेला ‘प्रकाश दिसला’ हा निरोप. शंकूपेशीतल्या या कामगाराचा कामाचा मुख्य भाग पीडीई६सी जनुकावरून बनतो.

कामगारच नीट नसेल तर? पाचरी साठत जातात. दार उघडंच राहतं, निरोप जात नाही आणि आत कॅल्शियमची भर पडत राहते. आधी पेशी गप्प होते, काही काळाने मरायला लागते. हे प्रथिन साडेआठशेहून थोड्या जास्त मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ आहे. या माकडांमध्ये ५६५वा मणी बदललेला होता: आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन. बाकी माळ जशीच्या तशी.

दंडपेशींचा कामगार वेगळ्या जनुकांवरून बनतो, म्हणून तो शाबूत. संध्याकाळी पिल्लू खुशाल का खेळतं, याचं उत्तर इथेच आहे. माणसातही हाच आजार आहे, त्याचं नाव अक्रोमॅटॉप्सिया: रंग दिसत नाहीत, बारीक दिसत नाही, ऊन सोसत नाही. साधारण तीस हजारांत एकाला तो होतो.

## दोन किल्ल्या, दोन चाकं

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माकडांचंही तसंच. एका कुलपाच्या दोन किल्ल्या असाव्यात तसं हे समजा. एक वाकडी निघाली तरी दुसरीने कुलूप उघडतं आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. पीडीई६सीचा दोष असा आहे. ज्याच्याकडे एकच वाकडी किल्ली आहे तो वाहक: त्याचे डोळे ठणठणीत, पण तो ती किल्ली निम्म्या पिल्लांना देतो. वाहक नर आणि वाहक मादी एकत्र आले, तर दर पिल्लामागे चारात एक शक्यता, की दोन्ही किल्ल्या वाकड्या. अशा दोषाला अप्रभावी म्हणतात.

चारात एक म्हणजे चौथं पिल्लू आजारी असं नव्हे. दर वेळी नव्याने नाणी उडतात. अशा जोडीला पाच पिल्लं झाली आणि पाचही धडधाकट निघाली, असं जवळजवळ चारांत एकदा घडतं. माकडाला सहसा एका वेळी एकच पिल्लू होतं, गर्भकाळ साडेपाच महिन्यांचा, त्यामुळे पाच पिल्लं म्हणजे बरीच वर्षं. ‘ही जोडी स्वच्छ आहे’ असा शिक्का तेवढ्या अनुभवावर मारणं धोक्याचं, ते याचसाठी.

काही दोष किल्लीसारखे नसतात, ते दोनचाकी गाडीसारखे असतात. एक चाक निखळलं की दुसरं कितीही मजबूत असो, गाडी पुढे जात नाही. हे प्रभावी दोष; एकच प्रत पुरते. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या केंद्रात १९८६ साली लांब शेपटीच्या मकाक जातीचं एक माकड सापडलं, त्याच्या मॅक्युलात म्हातारपणी दिसावेत तसे पिवळसर साठे होते. वारसा प्रभावी पद्धतीचा निघाला. त्या घराण्यात साधारण दुसऱ्या वर्षापासूनच हे साठे दिसू लागतात. प्रभावी दोष पकडायला सोपा, कारण तो लपत नाही: आजारी पिल्लाच्या आईबापांपैकी कुणीतरी बहुधा आजारी असतोच. खरी डोकेदुखी लपून बसणाऱ्यांची.

## कळपात गाठ कशी पडते

समजा, एका जातीत शंभर माकडांमागे एक या विशिष्ट दोषाचा वाहक आहे. कुणीही कुणाशी जोडी जमवली तर दोन्ही वाहक असण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक, आणि त्यावर चारात एक. म्हणजे चाळीस हजार पिल्लांमागे एक आजारी. रानात असं पिल्लू जन्मलं तरी कुणाच्या नजरेला पडणार नाही. दिवसा नीट न दिसणारं पिल्लू फार टिकतही नाही.

आता बंदिस्त कळप घ्या. तिथे एका नराबरोबर पुष्कळ माद्या ठेवण्याची पद्धत सोयीची असते, कारण दोन तगडे नर एकत्र ठेवले की मारामाऱ्या. हा एक नर वाहक निघाला आणि त्याची वीस पिल्लं झाली, तर सरासरी दहा वाहक. कुणालाच काही झालेलं नाही, सगळ्यांचे डोळे छान. पुढच्या पिढीत काय होतं ते पाहा. तो नर परक्या मादीशी जोडला गेला तर आजारी पिल्लाची शक्यता चारशेत एक. पण त्याची मुलगी वयात आली आणि तो त्याच कळपात असेल, तर मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्यावर चारात एक: आठात एक. त्याचीच, पण वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली दोन पिल्लं पुढे एकमेकांशी जोडली गेली, तर सोळात एक.

चारशेत एकवरून आठात एक. दोष तोच, नर तोच, फक्त जोडीदार नात्यातला. जवळच्या नात्यात होणाऱ्या या प्रजननाला अंतःप्रजनन म्हणतात, आणि बंदिस्त कळपातल्या डोळ्यांच्या बहुतेक अप्रभावी आजारांची गोष्ट या एका गुणाकारात आटोपते.

नर-माद्या नात्यातल्या नसल्या तरी दुसरी एक वाट असते. कळप ज्या मोजक्या माकडांपासून सुरू झाला त्यांचेच दोष पुढे सगळ्यांच्या वाट्याला येतात. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावर १९३८ साली भारतातून आणलेली ४०९ ऱ्हिसस माकडं सोडली गेली. आज तिथे असलेलं प्रत्येक माकड त्यांचंच वंशज आहे, बाहेरून नवं रक्त आलेलं नाही. बेट पंधरा हेक्टरांचं, पिंजरे नाहीत, पण आनुवंशिकीच्या दृष्टीने समुद्र म्हणजे कुंपणच. तिथल्या माकडांच्या मॅक्युलात वयाप्रमाणे पिवळे साठे येतात. वयोमानानुसार माणसाच्या मॅक्युलाचा ऱ्हास होतो, त्यात धोका वाढवणाऱ्या जनुकभागांपैकी काही ऱ्हिसस माकडांतही तेच काम करतात, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. हा मात्र एका किल्लीचा आजार नाही. अनेक जनुकं आणि वय मिळून तो घडतो. त्याला आठात एकचा हिशेब लावू नये.

## म्हणजे पिंजऱ्यानेच रोग दिला?

असं म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. अक्षर चुकतं ते पेशी आपला मजकूर उतरवून घेताना, आणि ते रानातही तितकंच चुकतं. प्रत्येक प्राणी, तुम्ही-आम्ही धरून, असे अनेक अप्रभावी दोष बाळगून असतो. कैद नवी चूक लिहीत नाही, जुन्या चुकीच्या दोन प्रतींची गाठ घालून देते. शिवाय बंदिस्त कळपात पशुवैद्य असतो, नोंदवही असते, आणि कमी दिसणारं पिल्लूही जगतं. रानात जे दिसलंच नसतं ते इथे कागदावर येतं. आजार बंदिस्त कळपात ‘जास्त’ आढळतो, त्यातला काही भाग निव्वळ नीट बघितल्याचा असतो.

## निदान: कंगवा की सरळ रेघ

माकडाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगता येत नाही. म्हणून पडद्यालाच विचारावं लागतं, आणि ते विजेच्या भाषेत. या तपासणीला ईआरजी म्हणतात: डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि पडद्याने दिलेलं विजेचं उत्तर मोजायचं. उत्तर मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात येतं.

क्रम साधारण असा. माकडाला केटामिनसारख्या औषधाने भूल देतात. ट्रॉपिकामाइडचे थेंब घालून बाहुली पूर्ण मोठी करतात. ती अर्धवट मोठी झाली तर आत जाणारा उजेड कमी पडतो आणि निकाल खोटा कमी येतो. मग निदान वीस मिनिटं काळोख. लाल मंद दिव्याखाली बुबुळावर लेन्ससारखा इलेक्ट्रोड बसवतात, खाली डोळा सुकू नये म्हणून घट्टसर थेंब. पहिला झोत इतका मंद, की त्याला फक्त दंडपेशी उत्तर देतात. नंतर खोलीत प्रखर उजेड करून दहा मिनिटं थांबतात; त्यात दंडपेशी दिपून गप्प होतात. आणि मग सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा झोत.

या तीसच्या आकड्यात खुबी आहे. दंडपेशी धिम्या असतात, त्यांना इतका जलद ताल झेपत नाही. शंकूपेशींना झेपतो. निरोगी माकडात कागदावर सारख्या दातांचा कंगवा उमटतो. पीडीई६सीच्या माकडात पहिला, काळोखातला आलेख उत्तम येतो आणि इथे मात्र जवळजवळ सरळ रेघ. दोन आलेख शेजारी ठेवले की नवशिक्यालाही फरक दिसतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दुसऱ्या आजारांच्या गटात बहुतेकदा उलट चित्र असतं: आधी काळोखातला आलेख ढासळतो.

चुका होतात त्या याच पायऱ्यांवर. मध्येच कुणी दार उघडलं, मोबाइल उजळला, तर काळोखाची वीस मिनिटं पुन्हा मोजावी लागतात. भूल लांबली आणि अंग गार पडलं तर लाटा बुटक्या आणि उशिरा येतात, म्हणून खाली गरम गादी हवीच. इलेक्ट्रोडखाली हवेचा बुडबुडा राहिला तर एका डोळ्याचं उत्तर उगाच कमी येतं. भूल देणारे काही वायू पडद्याचंही उत्तर दाबतात. त्यामुळे आजारी आणि निरोगी माकडांना एकाच पद्धतीची भूल दिली नसेल तर तुलना फुकट जाते. माझ्या मते निरोगी माकडाचा आलेख त्याच दिवशी, त्याच यंत्रावर काढला नसेल तर सरळ रेघेवर विश्वासच ठेवू नये. यंत्राची एक तार सुटली तरी रेघ सरळच येते.

जोडीला ओसीटी हा तपास. प्रकाशाने पडद्याचा उभा छेद दाखवणारं चित्र, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजता येणारं. शंकूपेशींचा थर विरळ होतोय का, फोव्हियाचा खळगा नेहमीसारखा आहे का, ते त्यात दिसतं. अंगात रंगद्रव्य न बनणाऱ्या, म्हणजे वर्णहीन माकडांमध्ये हा खळगा नीट तयारच होत नाही. तिथे दोष रंगद्रव्याच्या जनुकात असतो आणि भोगते नजर.

निदान जनुकावर ढकलण्याआधी काही साध्या गोष्टी वगळाव्या लागतात. एकाच डोळ्याला त्रास असेल तर बहुधा मार लागलेला असतो. अ-जीवनसत्त्व कमी पडलं तर अंधारात दिसेनासं होतं. मोतीबिंदू तर डोळ्यात टॉर्च मारताच दिसतो. आणि डोळ्याखेरीज बाकी अंगही तपासायला हवं. ओरेगॉनच्या प्रायमेट केंद्रात नात्यातल्या तीन तरुण ऱ्हिसस माकडांच्या पडद्याचा ऱ्हास आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसला. बीबीएस७ नावाच्या जनुकातलं एक अक्षर गळालं होतं. माणसातला बार्डेट-बिडल सिंड्रोम तो हाच, याचाही तपशील २०१९ सालीच आला. तिथे फक्त डोळे बघत बसणाऱ्याला निम्मा आजार दिसला असता.

## वंशावळ खोटं बोलते तेव्हा

पुढची पायरी वंशावळ. माकडाची आई कोण हे सहसा वादातीत असतं, पिल्लू तिच्या पोटाला चिकटलेलंच असतं. बाप कोण हा प्रश्न वेगळा. गटात दोन-तीन नर असतील तर नोंदवहीत ‘मुख्य नर’ बाप म्हणून लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात बाप कुणी दुसराच निघतो. म्हणून रक्ताच्या नमुन्यावरून डीएनएने पितृत्व ठरवल्याशिवाय वंशावळीवर काही बेतू नये. एक चुकलेला बाप पुरतो, अप्रभावी आजार प्रभावी वाटायला लागतो.

मग आजारी माकडांचा सगळा जनुकसंच, सुमारे तीनशे कोटी अक्षरं, वाचतात आणि चाळणी लावतात. आजारी सगळ्यांच्या दोन्ही प्रतींत सापडणारा, त्यांच्या आईबापांत एकाच प्रतीत असणारा, आणि धडधाकट म्हाताऱ्या माकडांपैकी कुणातही दोन्ही प्रतींत नसणारा बदल हवा. यात एक फसवी जागा आहे. आजारी माकडं नात्यातली असल्यामुळे त्यांच्या गुणसूत्रांचे लांबच लांब पट्टे दोन्ही प्रतींत सारखेच असतात. खरा गुन्हेगार आणि त्याचे निरपराध शेजारी सगळे एकत्र प्रवास करतात आणि चाळणीतून एकत्रच बाहेर पडतात. तेव्हा आणखी पुरावे लागतात: हे जनुक शंकूपेशीत वापरलं जातं का, माणसात त्याच्या दोषाने तसाच आजार होतो का, तो मणी माशापासून माणसापर्यंत जपलेला आहे का, आणि बदललेलं प्रथिन परीक्षानळीत खरंच काम करत नाही का. चारही ठिकाणी ताळा जुळला तर नाव घ्यावं.

एकदा अक्षर ठरलं की बाकी सगळं स्वस्त आणि झटपट. थोड्या रक्तावर किंवा गालातल्या फायावर त्या एका जागेची तपासणी होते, आणि कळपातल्या प्रत्येकाला तीनपैकी एक खूण मिळते: स्वच्छ, वाहक, बाधित.

## आजारी माकडं प्रजननातून काढली की झालं, नाही का?

हा आक्षेप अगदी शहाण्या माणसांकडूनही येतो. हिशेब करू. एका जनुकाच्या शंभर प्रतींमागे एक वाकडी आहे असं धरा, म्हणजे साधारण पन्नासात एक माकड वाहक. आजारी माकडांना प्रत्येक पिढीत कटाक्षाने बाजूला ठेवलं, वाहकांना मात्र ओळखलंच नाही, आणि जोड्या कशाही जमत राहिल्या, तर वाकड्या प्रती निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतात. पिढी पाच वर्षांची धरली तरी पाचशे वर्षं. कारण सोपं आहे: दोष विरळ असतो तेव्हा जवळजवळ सगळ्या वाकड्या प्रती वाहकांकडे असतात, आजाऱ्यांकडे नसतात.

मग सगळे वाहकच काढून टाकावेत? हे त्याहून वाईट. छोट्या कळपात वीस-पंचवीस टक्के माकडं वाहक निघू शकतात. त्यांना काढलं की उरलेल्यांवर प्रजननाचा भार पडतो, उरलेले आणखी जवळच्या नात्यात जोडले जातात, आणि ज्यांची अजून ओळखही पटलेली नाही असे दुसरे दोष दोन-दोन प्रतींत भेटू लागतात. एक बीळ बुजवताना चार नवी उकरली जातात.

चालणारा मार्ग रटाळ आहे, म्हणून तो टाळला जातो. वाहक ठेवायचा, पण स्वच्छ जोडीदाराशीच जोडायचा. त्यातून निम्मी पिल्लं वाहक, निम्मी स्वच्छ, आजारी एकही नाही. पिल्लांची तपासणी करून पुढच्या पिढीसाठी शक्यतो स्वच्छ निवडायची. दोन-तीन पिढ्यांत वाहक आपोआप कमी होतात आणि त्या घराण्यातले बाकीचे चांगले गुण हातचे जात नाहीत. सोबत, एकाच नराची पिल्लं मर्यादित ठेवायची, काही वर्षांनी नर बदलायचा, आणि मुली वयात यायच्या आत, म्हणजे तीन वर्षांच्या सुमारास, बापाला दुसऱ्या गटात हलवायचं. हे वेळापत्रक चुकलं की आठात एकचा हिशेब पुन्हा सुरू. प्राणिसंग्रहालयातल्या दुर्मिळ जातींनाही हेच लागू आहे, फक्त तिथे जोडीदार दुसऱ्या शहरातून आणावा लागतो.

## मग काही ठिकाणी आजारी घराणं मुद्दाम का जपतात?

कारण उपचार तपासायला तसा डोळा दुसरीकडे मिळत नाही. आरपीई६५ या जनुकाच्या दोषाने येणाऱ्या अंधत्वावरचा जनुकोपचार अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला. त्याची पायाभरणी नैसर्गिकरीत्या हाच दोष असलेल्या ब्रिआर्ड जातीच्या कुत्र्यांवर झाली होती. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचात जनुकाची चांगली प्रत भरायची आणि पडद्याच्या खाली टोचायची. या उपचारात प्रत्येक डोळ्यात ०.३ मिलिलिटर द्रव जातो, म्हणजे काही थेंब. तो पडद्याखाली फोडासारखा फुगवटा करतो आणि नंतर शोषला जातो.

कुत्र्यावर जमलं ते शंकूपेशींच्या आजारांत पुरेसं नाही. तिथे टोचायचं ते नेमकं फोव्हियाखाली, आणि पडद्याचा तो सगळ्यात पातळ भाग. दाब थोडा जास्त झाला तर खळग्यालाच भोक पडतं. हे हात बसवायला फोव्हिया असलेलाच डोळा लागतो.

हे माकडांवर करणं योग्य का, हा प्रश्न उरतोच, आणि तो जनुकशास्त्राने सुटत नाही. माझी बाजू एवढीच: आजार कळपात आधीच आहे, तर ती माकडं नीट राहतील हे पाहणं ही उपचार शोधण्याच्या आधीची जबाबदारी आहे. ती फार अवघडही नाही. आवाराच्या निम्म्या भागावर दाट सावली. फांद्या आणि बसायच्या फळ्यांची जागा वारंवार न बदलणं, कारण ही माकडं अंतर आठवणीने मोजतात. खाणं रोज त्याच ठिकाणी, आणि ते फक्त रंगावरून ओळखावं लागेल असं नको. आणि पिल्लाला वेगळं काढायचं नाही. गटात राहिलं तर ते इतरांच्या मागोमाग वाट शिकतं.

## मोठ्या वयात दिलेलं जनुक उपयोगी पडतं का?

खारमाकड (स्क्विरल मंकी) ही दक्षिण अमेरिकेतली छोटी जात. त्यांच्यात लाल-हिरवा फरक न दिसणं हा आजार नाही, नरांची ती जन्मजात रीत आहे. लाल-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर एकच असतं आणि नराला एक्स एकच, त्यामुळे त्याला त्या पट्ट्यातलं एकच रंगद्रव्य मिळतं. ज्या मादीच्या दोन एक्सवर दोन वेगळी रूपं आली तिला मात्र तिन्ही रंगांची नजर लाभते. २००९ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅम आणि डाल्टन या दोन मोठ्या नरांच्या डोळ्यात माणसाचं लाल रंगद्रव्याचं जनुक टोचल्याचं जाहीर केलं. संगणकाच्या पडद्यावर राखाडी ठिपक्यांत लपलेला रंगीत डाग स्पर्श करून दाखवायचा, बरोबर आलं की रस मिळायचा, अशी त्यांची परीक्षा होती. सुमारे वीस आठवड्यांनी, आधी कायम चुकणारे रंग ते ओळखू लागले. मेंदूला मोठ्या वयात नवा रंग समजणारच नाही, ही समजूत त्या दिवशी डळमळली.

पण त्या डोळ्यांतल्या शंकूपेशी जिवंत आणि धडधाकट होत्या, फक्त एक रंगद्रव्य कमी होतं. पीडीई६सीच्या माकडात पाचरी साठून पेशीच मरतात, आणि मेलेल्या पेशीत जनुक टोचून काही होत नाही. म्हणून तिथे वाट बघायची सोय नाही. पिल्लू उन्हात मिचकावू लागेपर्यंत थांबलं तर काही पेशी तोवर गेलेल्या असू शकतात. वाहक-वाहक जोडीचं पिल्लू जन्मलं की पहिल्याच तपासणीत थेंबभर रक्त घेऊन ते एक अक्षर बघायचं, आणि बाधित निघालं तर दर काही महिन्यांनी ओसीटीवर शंकूपेशींचा थर मोजत राहायचं. उपचाराला किती वेळ हातात आहे, ते त्या मायक्रॉनच्या आकड्यांवरून ठरतं.